जुनेर आणि गोधडी : प्रस्तावना

मनुष्याच्या उपयोगाच्या ज्या ज्या वस्तू कापडापासून सिद्ध होतात, त्या सर्वांच्या बाबतीत नवे कापड जुन्यापेक्षा श्रेष्ठ, हा नियम निरपवाद मानण्याची आपल्याला सवय जडलेली आहे. आणि सदरा, परकर, पडदा, पिशवी यांच्यापुरता तो खराही आहे. परंतु या नियमाचा एक ठसठशीत अपवाद आपल्या घरांच्या माळ्यांवर, फडताळांत आणि अंथरुणांच्या वळकट्यांत पिढ्यानुपिढ्या नांदत आला असूनही त्याच्याकडे अपवाद म्हणून कोणी फारसे पाहिलेले नाही. तो अपवाद म्हणजे गोधडी. नव्या कोऱ्या कापडाची गोधडी शिवता येते, आणि हल्ली ती तशी शिवलीही जाते. परंतु मऊपणात, अंगाशी लागून राहण्याच्या गुणात आणि पहिल्या धुण्यातून आकार न बिघडता बाहेर येण्यात ती जुनेराच्या गोधडीची बरोबरी करू शकत नाही. जे कापड नेसून, धुऊन, वाळवून आणि पुन्हा नेसून विरत आले, तेच या कामाला सर्वोत्तम होय. म्हणून कापडाच्या स्वभावाची पुरती पारख असलेल्या स्त्रियांनी विचारपूर्वक केलेली निवड या दृष्टीने गोधडीकडे पाहिले पाहिजे, हे या पुस्तकाचे प्रतिपाद्य आहे. घरातल्या शिलकी कापडातून हिवाळ्याची गोधडी कशी शिवावी, याची कृती पुढील प्रकरणांत क्रमाने दिली आहे. ती कृती ज्या विचारावर उभी आहे, तो विचार मांडणे एवढेच प्रस्तावनेचे काम.

पुणे-नाशिककडे जिला गोधडी म्हणतात, तिलाच सातारा, सांगली, कोल्हापूर या मुलखात वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलापुरती शिवली तर ती दुपटे होते. या सर्वांची जात एकच, आणि ती दुलईहून व रजईहून मुळातच वेगळी आहे. रजईची सारी मदार आत भरलेल्या पिंजलेल्या कापसावर असते. तो कापूस वापराने दबतो, त्याचे गोळे होतात, पाणी लागले की तो एका कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि मग खोळ उसवून पिंजाऱ्याला बोलावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गोधडीत सुटे असे काहीच नसते. तिच्यात कापडावर कापड, त्यावर पुन्हा कापड, असे थर असतात आणि धावदोऱ्याच्या ओळींनी ते एकमेकांना बांधलेले असतात. त्यामुळे ती नदीवर नेऊन धोपटता येते, पायांनी तुडवता येते, उन्हात टाकता येते, आणि तिच्या दुरुस्तीसाठी घराबाहेरच्या कोणाचीही मनधरणी करावी लागत नाही. गोधडीची ऊबही याच रचनेतून येते. कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. थराथरांत अडकून राहिलेली निश्चल हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच काय ते उबेचे रहस्य. एकाच जाड कापडापेक्षा तितक्याच वजनाची चार पातळ कापडे एकावर एक पांघरली असता अधिक ऊब लागते ती याच कारणाने. आणि धावदोरा खेचला गेल्यामुळे टाक्यांच्या दोन ओळींमध्ये कापड जे किंचित फुगून येते, त्या फुगवट्यांत हवेला आणखी आश्रय मिळतो.

ही रचना घाटमाथ्यावरच्या थंडीला जितकी अनुरूप आहे, तितकी दुसरी क्वचितच असेल. दख्खनच्या पठारावरील हिवाळा कोरडा असतो. दुपारी ऊन चटका देते आणि पहाटे हात गारठतात. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी किमान तापमान १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे, आणि निफाडच्या शिवारात तर कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकऱ्यांना बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा हवेत रात्रीच्या पहिल्या प्रहरी जड वाटणारे आणि शेवटच्या प्रहरी अपुरे पडणारे पांघरूण कामाचे नसते. गोधडी सुती असल्यामुळे घाम शोषून घेते, पायांशी सारली तर भार होत नाही, दुमडून घेतली तर तिचे थर दुप्पट होतात. आणि ती दमट झालीच, तर दुसऱ्या दिवशीच्या कडक उन्हात तासा-दोन तासांत खडखडीत होते. कोकणात हवा दमट आणि थंडी बेताची. म्हणून तेथे थोड्या थरांची हलकी गोधडी पुरते. थरांची संख्या हवेच्या मानाने ठरावी, हा या शिवणाचा पहिला नियम, आणि तो प्रदेशाप्रदेशाने आपापला ठरवून घेतलेला आहे.

आता जुनेराचा प्रश्न. मागावरून उतरलेल्या कापडाला खळ असते. ताण्याचे सूत तुटू नये म्हणून विणण्यापूर्वी ते खळीतून काढलेले असते. ही खळ कापडाला कडकपणा आणि तकाकी देते, दुकानात ग्राहकाचे मन वळवते आणि धुण्यागणिक निघून जाते. तिच्याबरोबर कापडाचे आटणेही होते. सुती वस्त्र पहिल्या काही धुण्यांत लांबी-रुंदीने जेवढे कमी व्हायचे तेवढे होते आणि मग स्थिरावते. कच्चा रंग असेल तर तोही तेव्हाच सुटतो. सूत वारंवार वाकून, घासून, भिजून लवचीक बनते, विणीतल्या धाग्यांना एकमेकांवर सरकायला मोकळीक मिळते आणि सुईला वाट सापडते. अर्थात अनेक वर्षे नेसलेले लुगडे गोधडीकडे येते तेव्हा त्याच्या साऱ्या परीक्षा उरकलेल्या असतात; ते पुढे आटणार नाही, रंग सोडणार नाही, टोचणार नाही. त्याचा एकच दोष शिल्लक असतो, तो म्हणजे दुबळेपणा. आणि या एकाच दोषावर गोधडीची रचना हा नेमका उपाय आहे. एकट्याने ताण सोसण्याची ज्याची ताकद संपली, असे कापड सात कापडांच्या मध्ये, बोटाबोटावर घातलेल्या टाक्यांनी बांधले गेले म्हणजे त्याच्यावर पडणारा ताण सर्वांत वाटला जातो आणि त्याचे आयुष्य अनेक वर्षांनी वाढते. बाळंतविड्यातली दुपटी जुन्या लुगड्याची शिवावीत, हा आपल्या घरांतला दंडक याच ज्ञानाचा दाखला आहे. घरात नव्या कापडाची वाण नसतानाही नवजात बालकाच्या अंगाला प्रथम लावायचे ते आजीचे विरलेले लुगडेच, असा निर्णय ज्यांनी केला, त्यांना काटकसरीपेक्षा त्या बालकाच्या कातडीची चिंता अधिक होती.

ज्या वस्तूने महाराष्ट्रातील बहुसंख्य कुटुंबांच्या रात्री उबदार केल्या, तिचा लेखी इतिहास जवळजवळ नाही, आणि याचे कारण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. जुन्या गावगाड्यात जे काम वतनाचे किंवा हक्काचे होते, ज्याबद्दल बलुते द्यावे लागे वा ज्यावर कर बसे, त्या कामाची नोंद दप्तरात होई. अलुतेदारांच्या याद्या प्रांतोप्रांती थोड्याफार बदलत असल्या तरी त्यांत शिंपी सापडतो, साळी सापडतो, घोंगडी विणणारा सनगरही सापडतो. गोधडी शिवणारी मात्र कोठेच सापडत नाही, कारण ती प्रत्येक घरात होती आणि तिला मोबदला नव्हता. जेवणे उरकल्यावर दुपारच्या दोन घटकांत, निंदणी-खुरपणीच्या हंगामातून सवड मिळेल तेव्हा, सासू-सुना आणि शेजारणी पडवीत कापड पसरून बसत आणि त्यांच्या श्रमाचा जमाखर्च कोणी ठेवीत नसे. पुढे शहरांत मजुरी घेऊन घरोघर गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रिया दिसू लागल्या, तेव्हा कोठे या कामाला प्रथम दाम मिळाला, आणि तोही बेताचाच. दप्तराचे मौन हा वस्तूच्या क्षुद्रतेचा पुरावा मानता येणार नाही. ज्या कामाला किंमत दिली गेली नाही ते मोजलेही गेले नाही, इतकाच त्या मौनाचा अर्थ आहे.

तुकड्यांच्या वस्त्राला आपल्या देशात एक दुसरी, उंच परंपराही आहे, तिचा उल्लेख येथे केला पाहिजे. बौद्ध भिक्षूंसाठी विनयाने, म्हणजे संघाच्या आचारनियमांनी, टाकून दिलेल्या चिंध्यांचे, म्हणजे पांसुकूल, वस्त्र विहित केले. आणि चीवराचे तुकडे कसे जोडावेत याचा नमुना म्हणून मगधातील बांधांनी विभागलेल्या शेतांचा आकार आनंदाने घेतला, अशी कथा विनयपिटकात आहे. अगदी अलीकडच्या काळात गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हाती खराटा घेऊन गावोगाव स्वच्छतेचा व शिक्षणाचा उपदेश केला, आणि त्यांच्या त्या वेशावरून लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत. जी वस्तू गरिबाला नाइलाजाने पांघरावी लागते तीच संन्याशाने स्वेच्छेने स्वीकारली, यात त्या वस्तूचा गौरव निःसंशय आहे. तथापि आमचा विषय त्याहून साधा आहे. संन्याशाच्या चिंध्या त्यागाची खूण सांगतात, गृहिणीची गोधडी संसाराची तरतूद करते. आणि या पुस्तकात तरतुदीचाच विचार केला आहे.

शिलकी कापडाचे थर शिवून पांघरूण करण्याची ही विद्या आपल्या एकट्याची नाही. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-कच्छची रल्ली, उत्तर कर्नाटकातली कौदी या सर्व तिच्या बहिणी. जपानच्या उत्तर भागातील गरीब शेतकऱ्यांनी ठिगळावर ठिगळ लावून पिढ्यानुपिढ्या चालवलेली बोरो वस्त्रे याच कुळातली. कांथेने चित्रांचा मार्ग धरला. जुन्या साड्यांच्या काठांतून काढलेल्या रंगीत धाग्यांनी तिच्यावर कमळे, हत्ती, रथ उमटले आणि कलासमीक्षकांचे लक्ष तिच्याकडे लवकर गेले. आपल्या गोधडीच्या सर्वांत जवळची म्हणावी अशी कवंदी आहे. उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया ती शिवतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरात कोकणी बोलली जाते. तुकडे आधी जोडून मग शिवण्याची त्यांची पद्धत नाही. कडेपासून एकेक तुकडा कडा दुमडून ठेवायचा, त्यावर धावदोरा घालायचा, आणि असे फेरे घेत मध्यापर्यंत पोचायचे. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची लहानशी फुले बसवल्यावाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. अमेरिकेच्या अलाबामा संस्थानातील जीज बेंड या वस्तीतल्या, गुलामांच्या वंशातील स्त्रियांनी शेतातल्या फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा तेथील जाणकार त्यांच्या रंगसंगतीने थक्क झाले. या दूरदूरच्या स्त्रियांना एकमेकींची वार्ताही नव्हती. तरी सर्वत्र निष्कर्ष एकच निघाला, तो हा की वापरून मऊ झालेले कापड थरांत बांधले म्हणजे त्याचे दुसरे आयुष्य सुरू होते.

आपल्याकडे या विद्येला उतरती कळा लागली त्याची कारणे आर्थिक आहेत, आणि ती नीट समजून घेतल्याखेरीज तिच्या पुनरुज्जीवनाची भाषा करणे व्यर्थ आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. कापड उत्तरोत्तर स्वस्त होत गेले. पण ते सुती होते, म्हणून विरतही होते, आणि विरलेले कापड गोधडीकडे येतच राहिले. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली सरकारने कापड व सूत यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम काढला, तेव्हा तर कापडाच्या प्रत्येक तुकड्याला मोल आले. खरा फरक पडला तो टेरिलीन आणि टेरिकॉट घरात शिरल्यावर. हे कापड फाटत नाही, विरत नाही, इस्त्रीची चिंता ठेवीत नाही. पण ते मऊ होत नाही, घाम शोषत नाही आणि सुईला दाद देत नाही. म्हणजे जुने होण्याचा गुणच त्याच्या ठायी नाही, आणि जे जुने होऊ शकत नाही त्याची गोधडी कशी व्हावी? त्याच सुमारास दारावर बोहारीण स्टीलची भांडी घेऊन येऊ लागली, आणि जी लुगडी पूर्वी गाठोड्यात जात, ती एका पातेल्याच्या मोबदल्यात तिच्या बोचक्यात जाऊ लागली. या व्यवहाराबद्दल आपल्या आया-आज्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. कल्हई न लागणारे भांडे ही त्यांच्या कष्टांत खरीखुरी सवलत होती, आणि गोधडीला लागणारे दिवस त्यांना दुसऱ्या कोणी भरून दिले नसते. सोलापुरी चादर आणि ब्लँकेट पैसे टाकताच मिळत होते. तेव्हा हिशेब असा पडला आणि तो त्या काळी बरोबरच पडला.

आजचा हिशेब मात्र निराळा आहे. आज घरोघर कापड साठते, आणि ते कोणी नेऊही इच्छीत नाही. कोणाच्याही कपाटाचा खालचा कप्पा उघडावा, तर त्यात ओटीत आलेले पण कधीच न शिवलेले खण आणि ब्लाऊजपीस, शिंप्याने परत दिलेली कातरणे, कॉलर झिजलेले सदरे, मध्ये विरून कडांना धड राहिलेल्या चादरी, सुती ओढण्या, एखादे इरकली लुगडे आणि मुलांचे आखूड झालेले परकर-झबले यांचे गाठोडे सापडतेच. हे पुस्तक त्या गाठोड्यासाठी लिहिले आहे. त्यातला प्रत्येक तुकडा गोधडीच्या लायकीचा असतो असे मात्र नाही. कापड सुती आहे की कसे याची शंका असेल, तर त्याचा एक धागा चिमट्यात धरून ज्योतीवर न्यावा; सुताचा धागा कागदासारखा जळून हलकी राख होतो, कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी बनतो. मणी झाला तर ते कापड बाजूला ठेवावे. जे सुती पण नवे आहे, विशेषतः ओटीचे खण, ते अडचणीचे नाही. फक्त त्याला जुने होण्याची संधी दिली पाहिजे. कढत पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात वाळवून, असे चार-पाच वेळा केल्यावर त्याची खळ जाते, आटणे संपते, आणि रंग सुटायचा असेल तर तो बादलीतच सुटतो. ही एक पायरी गाळल्यामुळे कित्येक देखण्या गोधड्या पहिल्याच धुण्यात आखडून वेड्यावाकड्या होतात.

निवडीनंतर विभागणी, आणि शिवणारीची खरी कसोटी येथे लागते. सर्वांत मऊ कापड अंगालगतच्या बाजूला. सर्वांत दुबळे, डागाळलेले, फाटके कापड आतल्या थरांत. आणि वापराची झीज सोसू शकेल असे, रंगाने डोळ्याला गोड लागणारे कापड वरच्या बाजूला, असा हा क्रम आहे. आतल्या थरात विजोड तुकडे चालतात, परंतु एका थरातला जोड दुसऱ्या थरातल्या जोडावर येऊ देऊ नये, कारण तेथे गाठ होते आणि सुई मोडते. लुगड्याचा काठ जाड म्हणून तो कापून निराळा ठेवावा. गोधडीच्या कडेला गोट लावण्यास त्याच्यासारखे दुसरे काही नाही. सर्व तुकड्यांचा उभा धागा शक्यतो एकाच दिशेला यावा, म्हणजे धुण्यात एक भाग एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे ओढत नाही. रंगांविषयी आम्ही एवढेच सांगू की गडद तुकडे एका बाजूला साचू न देता सर्वत्र विखरावेत, आणि मग हाताला जे सापडेल ते निर्भयपणे लावावे. आपल्या गोधड्यांचे सौंदर्य आखून आलेले नाही, ते गाठोड्यात जे होते त्याच्या प्रामाणिक उपयोगातून आलेले आहे.

प्रत्यक्ष शिवण्याच्या श्रमाची कल्पना वाचकाला आधीच असावी, म्हणून एक हिशेब मांडतो. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. त्याच्या लांबीच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबीचा चार थरांचा पट तयार होतो, आणि मोठ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पांघरायला तेवढी लांबी नेमकी पुरते. लुगड्याचा पन्हा ४८ इंच धरला आणि टाक्यांच्या ओळी एकेक इंचावर घातल्या, तर सर्व ओळींची मिळून लांबी १०८ वार भरते. पाव इंचाचा टाका आणि पाव इंचाची मोकळी जागा असा धावदोरा घेतला, तर साधारण पावणेआठ हजार टाके होतात. उन्हाळ्याला असा चार थरांचा पट पुरे; हिवाळ्याला मध्ये आणखी तीन-चार थर घालावेत, मात्र सर्व कापड पातळ असेल तरच, कारण हाताला सुई रेटणे अशक्य झाले की टाके लांब पडू लागतात आणि गोधडी सैल होते. हे काम एका बैठकीचे नाही. रोज तासभर बसणाऱ्या व्यक्तीला ते कित्येक आठवडे पुरते, आणि दोघी-तिघी निरनिराळ्या बाजूंनी बसल्या तर तितके लवकर उरकते.

शिवणाची दिशा हा या विद्येतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि पाश्चात्त्य पुस्तके वाचून शिवू लागणाऱ्यांचा घोटाळा बहुधा याच ठिकाणी होतो. तिकडे थर चौकटीवर ताणून मध्यापासून कडेकडे शिवण्याची रीत आहे, आणि चौकट असेल तेथे ती योग्यच आहे. आपल्याकडे चौकट नाही. कापड सारवलेल्या भुईवर किंवा चटईवर पसरलेले, चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या असे काही जड ठेवलेले, आणि शिवणारी त्याच कापडावर मांडी घालून बसलेली. अशा स्थितीत प्रथम तळहाताने सर्व थर सारखे करून लांब लांब कच्चे टाके घालावेत, मग चारही कडा दुमडून पक्क्या कराव्यात, आणि त्यानंतर कडेला समांतर अशी ओळीमागून ओळ घालीत, कोपऱ्यावर वळत, मध्याकडे जावे. कडा आधी बांधल्या गेल्यामुळे थर बाहेर निसटू शकत नाहीत. आणि शिवणारीच्या स्वतःच्या वजनाने कापड जागच्या जागी राहते. प्रत्येक ओळ हाताने थोडी खेचून मग सैल सोडावी. दोरा फार ताणला तर कापड चुरगळते आणि मधोमध फुगा येतो, फार सैल राहिला तर अंगठा अडकून टाका तुटतो. हा मध्यम ताण वाचून कळण्याजोगा नाही, पण पहिल्या दहा-बारा ओळींत हाताला तो आपोआप उमगतो, आणि त्या ओळी उसवून पुन्हा घालण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

शिवून झालेली गोधडी हे काम संपल्याचे चिन्ह नाही, कारण गोधडीला अखेर अशी नसतेच. वरचे कापड झिजले की तेवढ्या जागी ठिगळ लावावे. ठिगळे फार झाली की संपूर्ण गोधडीवर नवे जुनेर पसरून आरपार टाके घालावेत, म्हणजे जुनी गोधडी नव्या गोधडीचा मधला थर होते. नवरात्रापूर्वी घरातली सारी अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याची वहिवाट आजही अनेक घरांत आहे. गोधडीच्या आरोग्यासाठी तिच्याइतकी उपयुक्त वहिवाट दुसरी नाही. पावसाळ्याचा दमटपणा त्या धुण्यात आणि आश्विनातल्या उन्हात निघून जातो, कसर लागत नाही, आणि कोठे उसवले आहे ते थंडी पडण्याआधीच ध्यानात येते. पांघरण्याच्या योग्यतेची न राहिलेली गोधडी अंथरायला, अंथरण्याच्या योग्यतेची न राहिलेली बैलगाडीत, आणि तेथूनही उतरली की पोतेऱ्याला, अशी तिची पायरी-पायरीने बदली होत असे. एकाच लुगड्याने नेसण्यापासून भुई सारवण्यापर्यंत केलेली ही चाकरी पाहिली म्हणजे आजच्या आपल्या कपाटांतील न वापरता पडून राहिलेल्या वस्त्रांविषयी गंभीरपणे विचार करावा लागतो.

येथे एका मोहापासून वाचकाला सावध करणे आवश्यक वाटते. गोधडीविषयी लिहिताना दारिद्र्याचे गोडवे गाणे सोपे असते. ज्या घरात सहा माणसांना दोनच वाकळी होत्या, त्या घरातील थंडी आम्हाला सुंदर वाटत नाही, आणि डोळे अधू होईपर्यंत मिणमिणत्या दिव्यापाशी टाके घालणाऱ्या बाईच्या श्रमांवर भावुक होण्याचा अधिकार आमचा नाही. वंदन करायचे ते त्या टंचाईला नव्हे, टंचाईतही शाबूत राहिलेल्या पारखीला. कोणते कापड कोठे घालावे, किती थर पुरे, ओळ कोठून सुरू करावी, हे ज्या स्त्रीला अक्षरओळख नसतानाही अचूक कळत होते, तिचे ते ज्ञान खऱ्या अर्थाने ज्ञान होते; आणि टंचाई संपली म्हणून ते ज्ञानही टाकून द्यावे, हा न्याय कोणत्याही विद्येला लागू पडत नाही. तसाच दुसरा मोह भिंतीचा. हल्ली गोधडी चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगण्याची हौस दिसते. तिच्या रंगरूपाला मान मिळतो याचा आनंद आहे. परंतु न वापरलेली गोधडी मऊ होत नाही, आणि मऊ होत जाणे हाच जिचा धर्म, तिला भिंतीवर टांगणे म्हणजे तिला बेकार करून ठेवणे होय.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच, की हे पुस्तक वाचून मिटण्यापूर्वी आपल्या घरातले गाठोडे एकदा सोडावे. दसऱ्याच्या सुमारास कापड निवडून धुऊन ठेवले, दिवाळीनंतर थर मांडून कच्चे टाके घातले, तर पौषातली खरी थंडी अंगावर येण्यापूर्वी एक गोधडी खात्रीने पुरी होते. पहिल्या प्रयत्नाला मोठी गोधडी जड वाटली, तर दुपट्यापासून आरंभ करावा. कृती तीच आहे. घरात शिवणाऱ्या वडीलधाऱ्या असतील तर त्यांच्या शेजारी बसून त्यांची रीत पाहावी, आणि ती या पुस्तकातल्या रीतीहून निराळी निघाली तर त्यांचीच रीत प्रमाण मानावी. पुरुषांनी हे काम आपले नव्हे असे समजू नये. सुई कोणाचीही जात किंवा लिंग विचारीत नाही. आणि गोधडी तयार झाली की ती पाहुण्यांसाठी राखून न ठेवता त्याच रात्री पांघरायला घ्यावी, दरवर्षी धुवावी, फाटेल तेथे शिवावी, आणि पुढच्या हिवाळ्यासाठी जुनेर बाजूला काढण्यास त्याच दिवसापासून आरंभ करावा.